स्वस्तिकाखालचं इंजिन

काशीतल्या दुर्गाघाटावरच्या आमच्या घरात कुठलंही काम आधी मुहूर्तावर सुरू होतं, मोजमाप मागाहून. म्हणून रामनगरच्या मिस्त्रीकडे माझ्या जुन्या पिकअपमध्ये नवं डिझेल इंजिन बसायच्या आधीच मी पूजा उरकली. काकूने बॉनेटवर ऑइलपेंटने ठसठशीत स्वस्तिक काढलं.

इंजिन बसलं त्या दिवशी काकूला विंध्याचलच्या देवीच्या दर्शनाला न्यायचं कबूल केलं होतं. ती डबा घेऊन हजर झाली, आणि बॉनेट चार बोटं उघडंच राहिलं. इंजिन उंच निघालं होतं.

"पंडितजी, बोनट काटना पड़ेगा," मला म्हणत मिस्त्रीने छिन्नी उचलली.

"स्वस्तिक पर छेनी? पहले मुझ पर चलाओ!" काकू आडवी आली. मग माझ्याकडे वळली, "मेल्या, उंची मोजली नव्हतीस?"

"मुहूर्त टळत होता ना," मी म्हणालो. मुहूर्त मीच काढला होता.

मिस्त्रीने बराच वेळ डोकं खाजवलं. मग स्वस्तिकाच्या बाहेरून चौकोन कापला आणि खाली पट्ट्या जोडून तो तसाच चार बोटं वर बसवला.

"भैया, ये तो देव्हारा बना दिया!" काकूने हात जोडले.

विंध्याचलपर्यंत वाटेत तीनदा लोकांनी गाडीला नमस्कार केला. चालवणाऱ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.