गिधाडांसाठी औषध बदलणाऱ्या डॉ. सुमती देवरे

पेठ तालुक्यात वनरक्षक म्हणून रुजू झालो, त्याच महिन्यात मला कड्याखाली मेलेले गिधाड सापडले. पोत्यात घालून ते जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉ. सुमती देवरे यांची आणि माझी ती पहिली भेट. मॅडमनी लगेच शवविच्छेदन केले. यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर होता.

"आसपास कुठलं जनावर मेलं होतं?" त्यांनी विचारले.

"महादू गावितांची गाय. माळावर टाकली होती."

मॅडमनी दवाखान्याची नोंदवही उघडली. मग म्हणाल्या, "तिला दुखण्याचं इंजेक्शन मीच दिलं होतं."

ते औषध टोचलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि आत असा पांढरा थर साचतो, हे तेव्हा नुकतेच कळू लागले होते. मी सुचवले, "गाईचं लिहू नका. तुमच्यावर येईल."

"येऊ दे," म्हणत त्यांनी अहवालात सगळे लिहिले. पुढच्या ग्रामसभेतही उभे राहून तेच सांगितले.

महादूंनी विचारले, "मंग आमचं जनावर दुखनं काढीत बसंल का, डॉक्टरीणबाई?"

"नाही. दुसरं औषध आहे. ते मी आणून देते."

काही दिवसांनी महादूंचाच बैल लंगडू लागला. दवाखान्यात ते औषध नव्हते. मॅडम सकाळच्या एसटीने नाशिकला गेल्या आणि संध्याकाळच्या आत बैलाला टोचून मोकळ्या झाल्या. त्यानंतर गावात जुने औषध कोणी मागितले नाही.

पण औषध बदलून भागणारे नव्हते. गिधाडांना घरट्यासाठी कड्याच्या निवांत कपारी लागतात, खायला बिनविषारी मढे लागते. मॅडमनी तपासलेले मढेच माळावर टाकायचे, हिवाळ्यात विणीच्या वेळी कड्यावर कोणी चढायचे नाही, हे गावाने ठरवले. मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे कित्येक हिवाळे कडा रिकामाच दिसला. मी कंटाळलो. मॅडम निवृत्तीनंतरही नाशिक रोडहून येत राहिल्या.

अखेर एका जोडीचे पिल्लू उडाले. तो फोन त्यांना मी केला नाही, महादूंनी केला. आज त्या कड्यावर अनेक घरटी आहेत.

मॅडमना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. गुडघे कुरकुरतात, तरी चढण त्या आमच्याआधी चढतात. त्यांना उदंड आरोग्य लाभो, आणि पुढची अनेक वर्षे धाप लागून मागे राहण्याची पाळी आमच्यावरच येवो.