अक्काला भूक लागत होती

नवरा गेल्यावर अक्का धाकट्या भावाकडे राहायला आली. भावाचं शिवणकामाचं दुकान होतं. तिथे ती दिवसभर काज-बटणं करायची. जेवायची मात्र चिमणीएवढं. "वन्सं, तुमचा घरात काही भारच नाही," भावजय कौतुकाने म्हणायची, आणि अक्का नुसती हसायची. ती वाळत चालली तसे भावाने तिचे ब्लाऊज आत घेऊन दिले. का वाळतेय, ते काही विचारलं नाही.

एकदा ती दुकानातच पोट धरून खाली बसली. तेव्हा कुठे भावाने तिला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून पाहिलं, पण काहीच सापडेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भूक लागत नाही का?"

"लागते की! फार लागते," अक्का म्हणाली. "पण जेवलं की थोड्याच वेळात आतडी पिळवटून निघतात. खायचीच धास्ती बसलीय."

भावाची मान खाली गेली.

बाईंनी शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्यांचं स्कॅन करवलं. आतड्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जवळजवळ बुजल्या होत्या. "जेवल्यावर आतड्यांना जास्त रक्त लागतं. ते यांच्या आतड्यांपर्यंत पोचतच नाही," त्या म्हणाल्या. स्टेंट घालायचं ठरलं.

"मग पोटभर जेवता येईल ना रे?" अक्काने भावाला विचारलं.

"येईल गं."

पण त्याआधीच आतड्यांकडे जाणारं रक्त पुरतं थांबलं. ऑपरेशनला घेतलं, तोवर आतडं काळंठिक्कर पडलं होतं. अक्का वाचली नाही.

घरी परतल्यावर जेवायला बसायचं नाव भाऊ-भावजयीपैकी कुणीच काढलं नाही.