अक्काचा षड्ज आणि शंभर मीटर केबल

माझी थोरली बहीण तंजावूरात मराठी कीर्तन करते. ऐकणारे बहुतेक तमिळ, म्हणून निरूपण तमिळमध्ये आणि पदं आमच्या घरच्या जुन्या मराठीत. ती पदंही तिच्या वहीत तमिळ लिपीतच उतरवलेली आहेत. तिचा माइक मी सांभाळतो. मी कॉलेजात गणित शिकवतो, या कामाचं मला काही शिक्षण नाही. पण फार वर्षांपूर्वी एकदा ऐनवेळी मी मिक्सरचं एक बटण बरोबर फिरवलं आणि हे काम जे गळ्यात पडलं ते पडलंच.

दोन वर्षांपूर्वी राजवाड्याजवळच्या एका सभागृहात तिचं कीर्तन सुरू झालं आणि स्पीकरमधून विजेचा गुणगुणाट यायला लागला. अक्का पांढरी पाच या पट्टीत गाते, आणि तो गुणगुणाट नेमका तिच्या षड्जाच्या शेजारी, केसभर वर. तंबोरा एक सांगतोय, स्पीकर दुसरंच. तासाभरात ती नकळत वर सरकली. मृदंगवाले तिच्याकडे बघायला लागले. शेवटी ती थांबली आणि माइकमधूनच मला म्हणाली, "आधीं तें बंद कर." सगळं सभागृह मागे वळून माझ्याकडे बघत होतं.

घरी येऊन मी केबलचं टोक उघडलं. माइकच्या चांगल्या केबलमध्ये दोन तारा असतात आणि त्यांच्याभोवती तारांचं कवच. दोन्ही तारांतून एकच आवाज जातो, एकीतून सरळ, दुसरीतून उलट. वाटेत शिरलेला गुणगुणाट मात्र दोन्हींत सारखाच असतो, म्हणून मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो तेव्हा तो गळून पडतो. गणिताच्या माणसाला हे लगेच पटतं. माझ्या तयार विकत घेतलेल्या केबलमध्ये मात्र दुसरी तार कापून कवचालाच बांधून टाकली होती. वजा करायला काही उरलंच नव्हतं. बाकीच्या चार केबलीही तशाच निघाल्या. तेव्हा ठरवलं, आता आपल्या केबली आपणच करायच्या.

इथून माझी फरफट सुरू झाली. बाजारातल्या दुकानदाराने शुद्ध तांबं म्हणून एक भेंडोळं माझ्या हातात ठेवलं. सोल्डर करायला बसलो तर तारा नुसत्या वाकवल्या तरी तुटत होत्या. ब्लेडने खरवडून बघितलं, तांबड्या रंगाखाली पांढरं ॲल्युमिनियम. परत घेऊन गेलो तर दुकानदाराचं म्हणणं असं की आवाज जातोय ना, मग तार कापून आत कोण बघतं? आणि कापलेला माल ते परत घेत नाहीत.

मग मी इंटरनेटवर वाचायला बसलो. तिथे प्रत्येकाला सगळं नक्की माहीत होतं आणि कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. एक म्हणे चार तारांची केबल घ्या, गुणगुणाट आणखी कमी होतो. दुसरा म्हणे, दुप्पट सोल्डर करून मराल. कवच पन्नीचं असावं, विणलेल्या जाळीचं असावं, नुसतं गुंडाळलेलं असावं, यावर तर भांडणं होती. मी त्या सगळ्याचा तक्ता केला. तारांची जाडी, कवचाची जात, वरचं रबर, वजन. पंधरा दिवस तक्ता वाढत होता. बायकोने आठवण करून दिली की घराला कोणता रंग द्यायचा हे आम्ही एका दुपारी ठरवलं होतं.

चेन्नईच्या एका विक्रेत्याकडून मीटर-मीटरचे तीन तुकडे मागवले आणि तक्त्यासकट जवळच्या ओरत्तनाडूला गेलो. तिथे लग्नांना आणि देवळांना माइक सेट भाड्याने देणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला, तुकड्यांची वेटोळी केली आणि जमिनीवर टाकली. एक स्प्रिंगसारखं उसळलं. दुसऱ्यात पन्नी कुरकुरली. तिसरं गप पडून राहिलं.

"तुमच्या अक्का एका जागी उभ्या राहतात का?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

मी म्हटलं, छे, सगळं व्यासपीठ पालथं घालतात.

"मग विणलेली जाळी घ्या. पन्नी वाकून वाकून फाटते."

पंधरा दिवसांचा तक्ता दोन मिनिटांत निकालात निघाला. मला आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला. घरी येऊन तो तिसरा, जाळीचा तुकडा कनेक्टरमध्ये घालायला गेलो तर जाईना. केबल जाड, कनेक्टरचं भोक बारीक. सगळं मोजलं होतं, बाहेरची जाडी तेवढी तक्त्यात नव्हती. पुन्हा पत्रव्यवहार, त्याच जातीची सहा मिलिमीटरची केबल, पुन्हा तुकडा, आणि तो बसल्यावरच शंभर मीटर मागवली.

जाळीचा एकेक पदर सुईने विंचरून सोडवावा लागतो. सोल्डरची तापलेली सळई जरा जास्त वेळ टेकली की तारेवरचं आवरण वितळून मागे सरतं. आणि कनेक्टरची मागची टोपी आधी केबलमध्ये ओवायची असते. मी ती विसरलो, सगळं सोल्डर केलं आणि मग ती टेबलावर दिसली. असं दोनदा झालं. त्यातच अक्का येऊन म्हणाली की काळा रंग व्यासपीठावर डोळ्यांत भरतो, सतरंजीसारखा तांबडा नव्हता का? मी पुढची जाळी विंचरायला घेतली. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं सांगता येत नाही.

पुढच्या कीर्तनात स्पीकर अगदी स्वच्छ होते. एकाने मला येऊन विचारलं, आज माइक लावला नव्हता का?

मी मिक्सरवरून ते कीर्तन उतरवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काकडे कॉफी घेता घेता लावलं. ती खूश होईल असं मला वाटत होतं. ती एकेका पदाला मान खाली घालून ऐकत राहिली. मग एका लांब पदाशी तिने हात वर केला, मागे घ्यायला लावलं, पुन्हा ऐकलं. प्रत्येक ओळीनंतर तिचा श्वास ऐकू येत होता, आखूड, घाईचा. आतापर्यंतच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये तो आला नव्हता. त्या सगळ्यांच्या खाली कमीअधिक गुणगुणाट होता आणि श्वास त्यात बुडून जायचा.

"मज इतका दम लागतो?" ती म्हणाली. "हें मज कोणीं सांगितलें नाहीं."

मी म्हटलं, मलाही आत्ताच कळतंय. ते खरंच होतं. सोळा वर्षं तिच्यापासून वीस पावलांवर बसून माझं लक्ष मिक्सरच्या काट्यांवर होतं.

ती माझ्यावर चिडली, केबलवर चिडली, एवढं स्वच्छ ऐकू यायची काय गरज होती म्हणाली. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. हृदयाचं काही नव्हतं, रक्त फार कमी झालं होतं. औषधं सुरू झाली. आता ती मध्ये दोन पदं बसून म्हणते, आणि तेव्हा मृदंगवाल्यांना वाजवायला जरा जास्त वेळ मिळतो, म्हणून तेही खूश आहेत.

परवा तिने निरोप पाठवला: मागे साथ करणाऱ्या दोघींसाठी आणखी दोन केबली हव्यात, शुक्रवारच्या आत. आज मंगळवार आहे. एक झाली आहे, तिची टोपी टेबलावर आहे.