न जळणारं कापड

बाबा उधन्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरच्या पाइपांना अ‍ॅसबेस्टॉसची दोरी आणि कापड गुंडाळायचे. आता डिंडोलीतल्या आमच्या घराचा जिना चढताना ते मध्येच बसतात. अ‍ॅसबेस्टॉसच्या धुळीनं फुफ्फुसं गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला. पण मिलवाले म्हणाले, आमच्याकडे अ‍ॅसबेस्टॉस कधी नव्हतंच.

वकील घरी आले. मिलमधली एखादी वस्तू आहे का, असं त्यांनी विचारलं. बाबा भडकले. "मी काय चोर शे?"

आई उठली. दर आखाजीच्या सणाला मांडे करताना तापलेलं खापर ज्यानं धरायची, ते जाड, शिवलेलं कापड तिनं आणलं आणि सरळ गॅसच्या ज्योतीवर धरलं. "दखा, हाई जयत नही."

मिलनं टाकून दिलेले तुकडे बाबाच डब्यातून आणायचे. त्यांनी मान खाली घातली. वकील मात्र खूश. "काका, केस उभी राहिली तुमची!" मग नाकाला रुमाल लावून त्यांनी आईला गॅस बंद करायला सांगितला.

तपासणीत ते अ‍ॅसबेस्टॉसच निघालं. फोनवर हे सांगताना वकील म्हणाले, काकूंच्याही छातीचा फोटो काढून घ्या. तिचाही दावा लावता येईल का, असं मी विचारलं. "त्या मिलच्या कामगार नाहीत ना," ते म्हणाले. मला इतका संताप आला की मी फोन कापला.

आईला दाव्याचं काही पडलं नव्हतं. तसली कापडं तिनं गल्लीतल्या घराघरात हौसेनं शिवून दिली होती. दुपारीच प्लास्टिकची गोणी घेऊन ती निघाली, मागोमाग मी. बायका कापडं काढून देत होत्या, पण तोंड वाकडं करून. एकीनं तर आम्हाला ऐकू जाईल असंच म्हटलं, "पैसा भेटनार, तरी दियेल वस्तू परत मांगी राह्यनी."

शेवटच्या घरची बाई दारातच आडवी उभी राहिली. आईनं तिला समजावलं, हे विष आहे, घरात ठेवू नको.

"इतला वरीस वापरं आम्ही. काय व्हयनं?"

आईला उत्तर द्यायचं होतं, पण खोकल्याची ढास लागली. चौकट धरून ती खोकतच राहिली. बाई तिच्याकडे बघत उभी होती. मग आत गेली आणि कापड घेऊन आली.