रेडिओवर आभाळ स्वच्छ होतं

ती दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही. टेक्सासमधल्या एका छोट्या गावात मी तेव्हा डिटेक्टिव्ह होतो. लहानपणी नागपूरहून आलेला, आमच्या ठाण्यातला एकुलता एक मराठी माणूस. त्यामुळे गावातल्या मोटेलवाल्या काकू पोलीस कंट्रोल रूमच्या भानगडीत पडायच्या नाहीत. थेट माझ्या टेबलावर फोन!

"अरे, तो रेडिओवाला धडधडीत खोटं बोलतोय! आभाळ स्वच्छ आहे म्हणाला, म्हणून पापड वाळत घातले. सगळ्यांचा लगदा झाला रे!"

गावात कंट्री म्युझिकचं एक रेडिओ स्टेशन होतं. दुपारचा म्हातारा निवेदक दोन गाण्यांच्या मध्ये खिडकीबाहेर बघून हवा सांगायचा. शेतकरी त्याच्या भरवशावर गवत कापायचे आणि काकू पापड घालायच्या.

"काकू, पापडावरून अटक करू का त्याला?"

"थट्टा सोड. इथे गारा पडतायत आणि तो अजून ऊन ऊन करतोय. त्याला काहीतरी झालंय. जाऊन बघ."

खबर कितीही फालतू वाटली तरी जाऊन बघायचं, हा माझा शिरस्ता. गेलो, तर स्टेशनला कुलूप, आणि गाडीतल्या रेडिओवर त्याचा आवाज चालूच. घरी फोन लावला. त्याची बायको म्हणाली, "कामावर आहे की. ऐकू येतोय ना तुम्हाला?" तिच्या स्वयंपाकघरातही तोच बोलत होता.

मग मॅनेजरला गाठलं. नव्या मालकांनी आणलेला तरणा माणूस. आधी उडवाउडवी केली.

"लाइव्ह आहे तो."

"कुलूपबंद स्टेशनात?"

त्याला गाडीत बसवून रेडिओ मोठा केला. टपावर गारा तडतडत होत्या आणि आतून आवाज येत होता, आज आभाळ अगदी स्वच्छ आहे. मॅनेजरचा चेहरा उतरला.

"रेकॉर्डिंग आहे. तो सकाळीच सगळं बोलून ठेवतो, मग कॉम्प्युटर वाजवतो. प्लीज, लोकांना कळू देऊ नका."

"लोक गेले उडत! माणूस कुठे आहे?"

माहीत नव्हतं. इंजिनिअरला काढल्यापासून टॉवरही म्हाताराच बघतो, हे त्याच्याकडून खोदून खोदून काढावं लागलं.

टॉवर गावाबाहेर माळावर. तिथे त्याची पिकअप उभी होती. यंत्राच्या खोलीच्या दाराशी तो पडला होता, चिंब भिजलेला. नाडी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, पण बराच वेळ धुगधुगी असावी. वेळेवर कोणी शोधलं असतं तर वाचला असता. शोधणार कोण? सगळं गाव त्याला ऐकत होतं.

बायकोला सांगायला मीच गेलो, सोबत वर्दीतले दोन शिपाई. टोपी काढून स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि सांगितलं. तेवढ्यात रेडिओवर शेवटचं गाणं संपलं आणि रोजच्यासारखा तो म्हणाला, "हनी, कॉफी ठेव. निघालोच मी."

"बघा, निघालाय," ती म्हणाली आणि उठून तिने पाणी ठेवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी फक्त त्या दिवशी वर्दीतल्या माणसांसमोर रडलो.

आवाज येतोय म्हणजे माणूस बरा आहे, असं मी तेव्हापासून धरून चालत नाही. मुलगी जर्सी सिटीत असते. तिचा फोन आला की आधी विचारतो, बाहेर हवा कशी आहे? "बाबा, नॉट अगेन," म्हणते ती. तरी मी म्हणतो, "खिडकीतून बघून सांग." ती उठून खिडकीशी जाईपर्यंत मी फोन कानाला घट्ट धरून बसतो.