दहा पानं बूट घालण्यात

१४ मार्चला टायपिस्टकाकांच्या हातात तीन हजार सातशे आठ रुपये पडले. एका कादंबरीची चारशे बारा पानं, पानाला नऊ रुपये. तीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण टाइप करून त्यांचं मत पक्कं झालं होतं: कादंबरी म्हणजे पगारी नोकरी, कथा म्हणजे रोजंदारी. हात बसतो न बसतो तोच संपते.

यंदा मात्र काकांनी स्वतःच कथा लिहिली होती. एका मासिकानं नवोदितांकडून कथा मागवल्या होत्या. अट आठ पानांची, मुदत वीस तारखेची. मशीन कायमचं झाकून ठेवण्याआधी एकदा तरी आपलं नाव छापून यावं, एवढीच काकांची हौस. पण कथा भरली अठरा पानं.

"ओळी जवळ घेतल्या तर सोळात बसेल," ते थोरल्या बहिणीला म्हणाले.

ताईनं जन्मभर कपडे शिवले होते. तिनं चष्मा पुसून सगळी पानं वाचली. गोष्ट दोन भावांची; धाकटा बारा वर्षांनी थोरल्याची माफी मागायला जातो.

"हा घरातून निघतो कधी?"

"पहिल्याच पानावर."

"आणि पोचतो?"

"अकराव्यावर."

"म्हणजे दहा पानं नुसता बूटच घालतोय की रे!"

"अगं, मधे त्याचं बालपण येतं, नोकरी येते, सासरे येतात..."

"सासऱ्यांना कुणी बोलावलं? कादंबरीत येऊ देत, तिथं मुक्कामाला जागा असते. इथं उंबऱ्यातच बोलून निघायचंय. दार वाजवलं, तिथून सुरू कर."

"नव्वद रुपयांची पानं आहेत ती, ताई!"

"इथं तुला पानामागे कोण देणारे?"

काका ओशाळले. पानं वाढवायची सवय बोटांतच मुरली होती, आणि आपल्याच कथेला ते बिल लावत बसले होते. त्यांनी दहा पानं बाजूला काढली. बालपण दोनदा परत ठेवून पाहिलं, मग काढलं. सासरे मुकाट्यानं गेले. मग उरलेली आठ वाचली, तर माफी मागणारा भाऊ पहिल्याच ओळीत दारात उभा, आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. काकांनाच धडधडलं.

अठराला पाकीट रजिस्टर्ड पोस्टानं गेलं. महिन्यानं उत्तर आलं: "कथा घेतली. जुलैच्या अंकात."

"दोन वाक्यांत आटोपलं बघ!" म्हणत काकांनी ते ताईला चार वेळा वाचून दाखवलं.

पोस्टाचे बेचाळीस रुपये ताईनं भरले होते. ते अजून द्यायचे आहेत.