रेडिओचा आवाज

सगळं शहर त्याला रेडिओ म्हणायचं. पालिकेच्या गाडीत बसून माईकवर बोलायचं, ही त्याची नोकरी. पाणी येणार नाही, कर भरा, कुत्र्यांना लस टोचून घ्या. साहेब कागद देत आणि हा वाचत असे. शेवटी पदरचं एक वाक्य जोडायचा, "मी सांगतोय म्हणजे पक्कं समजा." लोकांना नेमकं तेच आवडायचं, आणि हा स्वारीवर निघाल्यासारखा गाडीतून मिरवायचा.

साथ आली तेव्हा कागद आला, 'साधा हंगामी ताप आहे. कामधंदे सुरू ठेवा.' पण त्याची बायको सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. ती हळू आवाजात म्हणाली, "वरचा अख्खा मजला बंद केलाय. तिथल्या चादरी आता धुवायला येत नाहीत, जाळतात. कुणाजवळ बोलू नका, माझी नोकरी जाईल."

त्याने बायकोचं नाव न घेता साहेबांजवळ विषय काढून पाहिला. साहेब म्हणाले, "वरून आकडे आल्याशिवाय आपण कोण बोलणारे? उगाच लोक घाबरतील." लोक घाबरू नयेत म्हणून ज्यांना ठाऊक होतं ते एकेकटे घाबरत बसले, झालं. रोज तेच सांगायचं म्हणून त्याचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. सवयीने पदरचं वाक्यही त्यात गेलं. ते पुसा म्हणायची त्याची छाती झाली नाही. आता तो गाडीत नसला तरी तेच वाजत फिरायचं.

आईमागे त्याला वाढवलं ते ताईने. ताई दम्याची पेशंट, कपडे शिवायच्या कारखान्यात कामाला. तिला सांगावं असं रोज मनात यायचं. पण ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत कारखानाभर झालं असतं, आणि बोट बायकोकडे वळलं असतं. उद्या सांगू, उद्या सांगू, असं करत आठवडा गेला.

मग एक दिवस बायकोने दवाखान्यातूनच फोन केला. "ताईंच्या कारखान्यातली बाई आत्ता वर नेली." तिने बाईचं नावही सांगितलं. त्याने ताईला फोन लावला.

"ताई, ऊठ आणि घरी जा."

"का रे? आत्ताच तुझी गाडी इथून गेली. कामधंदे सुरू ठेवा म्हणतोयस ना तूच?"

"ते सोड. तू नीघ."

"तुझ्याच भोंग्यावर मालकाने सुट्ट्या रद्द केल्यात. त्याला काय सांगू?"

तो धावतच सुटला. कारखान्याच्या खिडक्या बंद होत्या. बायका गुडघ्याला गुडघा लावून मशीनवर बसलेल्या, दोघी-तिघी खोकत होत्या. तो दारातूनच म्हणाला, "घरी जा सगळ्याजणी. हा साधा ताप नाही."

मुकादम हसला. "चेष्टा करतोस होय?" तेवढ्यात गाडी परत रस्त्यावरून गेली. साधा हंगामी ताप आहे, मी सांगतोय म्हणजे पक्कं समजा. बायकाही हसल्या. एकीने सुनावलं, "आधी तुझं तुझ्याशी ठरव बाबा."

आता बोललो तर घरातल्या दोन्ही नोकऱ्या जाणार, हे त्याला कळत होतं. तरी त्याने चादरींचं सांगितलं, बंद मजल्याचं सांगितलं, आज नेलेल्या बाईचं नाव सांगितलं. तिची खुर्ची रिकामीच होती. एकेक मशीन थांबलं. मग कुणी कुणाकडे न बघता बायका पिशव्या उचलून निघाल्या.

ताई शेवटी बाहेर आली. पायरीवर थांबून तिने विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

"आठवडा झाला."

ताई रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. आठवडाभर ती आज रिकाम्या झालेल्या त्या खुर्चीला खेटूनच बसत होती. तिचा हात धरायला तो पुढे झाला, तशी ती झटकन मागे सरली.

"शिवू नकोस मला," ती म्हणाली. "घरी लेकरं आहेत तुझी."